दगडांचा समुद्र चालला असता

आई, बुकिंग मी रद्द केलं नाही.

समीर म्हणत होता कर. नागपूरहून, फोनवर, तीनदा. तुमच्या अस्थी घेऊन तो गेला त्याला आठवडा झाला, आणि या आठवड्यात आम्ही नवराबायको जे काही बोललो त्यातलं निम्मं या कॉटेजबद्दल. "मधुरा, एकटी काय करणार आहेस तू तिथे?" एकटी कुठे, म्हटलं, तोबी आहे ना. तेवढ्यात तुमच्या नणंदबाईंनी फोन ओढून घेतला. "सासू जाऊन महिना नाही झाला अन् सून समुद्रावर फिराले चालली? लोकं काय म्हणतीन?" म्हणू देत. मी काय केलंय ते लोकांना माहीत नाही, नाहीतर याहून वाईट म्हणाले असते.

तर आज ऑक्टोबरचा पहिला शनिवार. ठरल्याप्रमाणे सकाळी नऊला बेसिंगस्टोकहून निघाले, मागच्या सीटवर तोबी, पुढची सीट रिकामी. आत्ता कॉटेजमधल्या खालच्या खोलीत बसून लिहितेय. तुमच्या गुडघ्यांसाठी मागून घेतलेली खोली. मालकीणबाईंनी पलंगावर तीन टॉवेल ठेवलेत आणि जमिनीवर कुत्र्याचा एक.

मी इथे एकाच कामाला आले. तुमची माफी मागायला. ती खरं तर मे महिन्यात मागायची होती. चार महिने एका घरात राहून, रोज समोरासमोर बसून चहा पिऊन मला ती मागता आली नाही, म्हणून मी ठरवलं की समुद्रावर मागेन. पाय पाण्यात असले की बोलणं सोपं जाईल, असं काहीतरी डोक्यात होतं. असं कुणी ठरवतं का हो? माफीला लोकेशन लागतं का? पण मला लागलं. अतिशहाणी आहे ना मी.

एप्रिलमध्ये आलात तेव्हा तोबीला बघून तुम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होतात. लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, ती गोष्ट मी लग्नाच्या आधीपासून ऐकत होते. "हे एवढं वासराएवढं जनावर घरात काहून ठेवलं बाप्पा?" तोबी बिचारा शेल्टरमधून आणलेला, त्याला स्वतःच्या सावलीची भीती. तो तुम्हाला घाबरायचा, तुम्ही त्याला. दोन आठवडे घरात सीमेवरच्यासारखी परिस्थिती. मग एक दिवस मी कॉलवरून खाली आले तर तुम्ही खुर्चीत ताठ बसलेल्या, तो समोर, आणि तुमचा चौथीचा वर्ग सुरू. "बस म्हटलं का बसाचं. इंग्रजीच समजते काय रे तुले?" महिन्याभरात बसायला लागला. मी अजूनही 'सिट' म्हणून घसा कोरडा करते, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. तुम्ही नुसतं बोट दाखवून 'बस' म्हणायचात आणि साहेब खाली.

पोळीचा तुकडा तुम्ही त्याला हातानेच द्यायचात. मी म्हणायचे, आई, त्याच्या बाउलमध्ये टाका, सवयी बिघडतात. "हातचं खाल्लं का जनावर आपलं होते." त्यावर मी डोळे फिरवायचे. तुम्हाला दिसायचं ते. तुम्ही हसायचात.

मग बुद्धपौर्णिमा आली.

सकाळी वंदना झाली. पांढरी साडी नेसून तुम्ही त्रिशरण म्हणत होतात आणि तोबी दाराशी एवढा गप्प बसला होता की समीर म्हणाला, हा मागच्या जन्मी भिक्खू होता बहुतेक. "मागचा जन्म-बिन्म काही नसते, शिकलेला नं तू," तुम्ही त्याला तिथेच झापलंत. मग तुम्ही खीर केलीत. तासभर दूध आटवलंत, त्यात मूठभर किसमिस. मी वर मीटिंगमध्ये. दुपारी खाली आले तर जमिनीवर स्टीलची वाटी, लख्ख चाटलेली, आणि तुमचा चेहरा एवढा फुललेला. "पोट्ट्यानं सगळी खाल्ली पाय! आज घरातला कोणताच जीव खिरीशिवाय राहाले नको."

"किसमिस काढले होते ना?"

"काढाचे कायले? तेच तर त्याले आवडले."

इथे इंग्लंडात कुत्रा पाळणाऱ्या शेंबड्या पोराला माहीत असतं की द्राक्ष-मनुका कुत्र्याला विष. किडनी जाते. मी तुमच्याशी एक शब्द न बोलता त्याला उचलून गाडीत टाकलं. तुम्ही चपला न शोधता समीरचे सँडल घालून मागे बसलात. व्हेटने त्याला उलट्या करवल्या, दोन दिवस सलाईनवर ठेवायचं म्हणाली. आणि बाहेर पार्किंगमध्ये माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. "कुत्र्याला मारायला आलात का तुम्ही इथे? शिकलेल्या ना तुम्ही? शिक्षिका ना?"

शिक्षिका ना. हे मी तुम्हाला म्हणाले. ज्या घरात तुमच्या आधी एकाही बाईने शाळेची पायरी चढली नव्हती, त्या घरातल्या तुम्हाला. मी, जिला सगळं आयतं मिळालं, पाटी-पेन्सिलपासून व्हिसापर्यंत.  समीरच्या सँडलमधून पाय बाहेर आले होते ते तुम्ही नुसते आत घेतलेत.

आता एक गोष्ट लिहिते जी मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही आलात त्या आठवड्यात मी तुम्हाला तोबीचं पथ्य सांगितलं होतं. चॉकलेट नको, कांदा नको, लसूण नको. किसमिस सांगायचे राहिले. मी विसरले, आई. आणि पार्किंगमध्ये ओरडत होते तेव्हा मला ते पक्कं आठवत होतं. म्हणून तर एवढ्या जोरात ओरडत होते.

तोबी वाचला. तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत घरी आला, सरळ तुमच्या मांडीत तोंड खुपसलं. त्या दिवसापासून तुम्ही त्याला काहीही देण्याआधी मला विचारायला लागलात. गाजराचा तुकडा हातात वर धरून, "हे देऊ का याले?" काकडी. "देऊ का?" त्याच्याच पाकिटातलं बिस्कीट, ज्यावर कुत्र्याचं चित्र छापलंय, तेसुद्धा वर धरून, "मधुरा, हे देऊ का?" वर्गातल्या मुलीने बोट वर करावं तसं. आणि मी 'द्या' म्हणायचे. चार महिने रोज मी 'द्या' म्हटलं. एकदाही म्हटलं नाही की आई, असं विचारू नका, चूक माझी होती. शब्द जिभेपर्यंत यायचे आणि मी लॅपटॉप उघडायचे.

त्याऐवजी काय केलं, तर म्हटलं, "आई, आपण सगळे समुद्रावर जाऊ. तोबीला घेऊन. सुट्टी." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी भलतंच काही बोलले. "सुट्टी म्हंजे? फिराले? कोणाचं लग्न-बिग्न नाही तिकडे?" सहा डिसेंबरला दादरला तुम्ही वीस-बावीस वर्षं गेलात. तासन् तास रांगेत उभ्या राहिलात. "समुद्र बाजूलेच होता नं. पण त्याले पाहाले थोडीच गेली होती मी. पाय भिजवाले टाइम कोणाले होता?" मी म्हटलं, आता भिजवा. तुम्ही लगेच वही घेतलीत आणि वरती लिहिलंत 'सहल'. खाली: तोबीचा टॉवेल, तोबीचं पाणी, चिवडा, गुडघ्याचा पट्टा, छत्री.

मग आला तो नियम. इथल्या चांगल्या वाळूच्या किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी. मी तुम्हाला फोनवर पाटीचा फोटो दाखवला, लाल गोल आणि आत आडवी रेघ मारलेलं कुत्रं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघत बसलात. मग हसायलाच लागलात. "माय वं! आमच्या आजीच्या काळी उलटं होतं. तळ्यावर कुत्र्या-मांजराले मुभा अन् आम्हाले बंदी. इथे माणसाले मुभा अन् याले बंदी." तोबीच्या कानाला धरून म्हणालात, "तोबीराव, तुमचा सत्याग्रह कराव लागते आता." समीर हसून लोळला. मी म्हटलं, ठीक आहे ना आई, त्याला एक दिवस कुत्र्यांच्या केनेलमध्ये ठेवू, आपण तिघं जाऊन येऊ. तुमचं हसणं थांबलं. "नाही. ज्याले बंदी, त्याले सोडून मी त्या पाण्यात पाय नाही टाकाची."  

दुसरा किनारा होता की. तासा-सव्वा तासावर. सगळा दगडगोट्यांचा, चालायला वाईट, पण कुत्र्यांना बारा महिने परवानगी. मीच शोधला आणि मीच बाजूला ठेवला. तुमच्या गुडघ्यांना दगड झेपणार नाहीत, फोटो चांगले येणार नाहीत, कॅफे नाही, टॉयलेट लांब. मला सगळं नीट हवं होतं. एवढी मोठी माफी मागायची तर मऊ वाळू हवी, ऊन हवं, तुम्ही खूश हव्यात. म्हणून मी डॉर्सेटच्या किनाऱ्यावरची ही कॉटेज घेतली, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारची, बंदी उठली की लगेच. तुमचं परतीचं विमान त्यानंतर दहा दिवसांनी. सगळं कसं चपखल बसवलं होतं मी. प्रोजेक्ट मॅनेजर आहे ना.

ऑगस्टमधला तो रविवार. सकाळी मी खाली आले तर तुम्ही तयार. गुडघ्याला पट्टा, खांद्याला पिशवी, पिशवीतून तोबीचा टॉवेल डोकावतोय. "काय ऊन पडलं पाय मधुरा! चाल नं आज. दगडांचा तर दगडांचा. समुद्र समुद्रच राहते."

मी म्हटलं, "आई, आज नको ना. उद्या ऑफिसचं रिलीज आहे. आणि ऑक्टोबरमध्ये नीट जाणारच आहोत आपण."

"हाव, हाव. बराबर आहे," म्हणालात आणि पिशवी रिकामी केलीत. मी चहा घेऊन वर गेले. रिलीज मंगळवारवर ढकललं गेलं, आई. त्या दिवशी मला काहीसुद्धा काम नव्हतं. दुपारभर मी फोन बघत लोळले.

आता सप्टेंबरमधल्या एका मंगळवारचं. हे समीरला माहीत नाही, आणि त्याला सांगायची माझी हिंमत होईल असं वाटत नाही.

दुपारी अडीचचा कॉल. मी वर, दार लावून, हेडफोन घालून. तुम्ही खाली स्वयंपाकघरातल्या खुर्चीत. तोबी भुंकायला लागला. तोबी भुंकत नाही, आई, तुम्हाला माहितीये. पोस्टमन आला तरी तो सोफ्यामागे जातो. आणि तो भुंकत होता, थांबतच नव्हता. क्लायंट म्हणाला, "समवन्स एक्सायटेड." सगळे हसले, मीही हसले. म्यूट केलं, दार उघडलं आणि खाली ओरडले, "आई, त्याला जरा गप्प करा ना!"

दार लावून घेतलं. अजून अकरा मिनिटं कॉल चालला. अकरा, कारण ते नंतर स्क्रीनवर दिसतं, कधी सुरू, कधी संपला. मी शंभर वेळा पाहिलंय ते.

खाली आले तेव्हा त्याचा आवाज बसला होता, नुसता घरघर करत होता. तुमचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि तोबी तो चाटत होता.

अँब्युलन्सवाले भले होते. म्हणाले, लगेच फोन केला असता तरी बहुधा उपयोग झाला नसता. बहुधा. या 'बहुधा'ला धरून मी तीन आठवडे उभी आहे. कधी वाटतं नसता झाला. कधी पहाटे जाग येते आणि वाटतं, तुम्ही ऐकलंत का ते? तेवढंच सांगा. मी 'गप्प करा' म्हटलेलं तुम्हाला ऐकू गेलं का? तुम्ही मला बोलवायचा प्रयत्न करत होतात का? पार्किंगमध्ये ऐकवलं ते ऐकवलं, आणि शेवटी हे. दोन वाक्यं, आई. पाच महिन्यांत मी तुमच्याशी हजार गोष्टी बोलले असेन, हसलो किती आपण, तुमच्या वांग्याच्या भरताचा तो धूर आणि फायर अलार्म, ते सगळं गेलं कुठे? मला फक्त ही दोन वाक्यं ऐकू येतात.

तुमचं दहन व्हायला अकरा दिवस लागले. इथे मेल्यावरही अपॉइंटमेंट घ्यावी लागते, तुम्हीच म्हणाला असतात. भन्तेंनी सुंदर म्हटलं सगळं. सगळे येऊन मला सांगत होते, किती केलंस गं सासूचं, आईसारखं केलंस. मी हात जोडून उभी. प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, थांबा, तुम्हाला माहीत नाही. कुणालाच सांगितलं नाही.

म्हणून आज इथे आले. रस्ताभर गाडीत बोलून बघत होते, मोठ्याने. "आई, किसमिसचं चुकलं. आई, त्या रविवारचं चुकलं. आई, मंगळवारी मी…" तिसऱ्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

किनारा तुम्हाला आवडला असता. गाडीतळापासून वाळूपर्यंत लाकडी पायऱ्या, धरायला कठडा. मी फोटोत बघून ठेवला होता तसाच उतार, तुमच्या गुडघ्यांना जमला असता. ऊन होतं. माणसं तुरळक, कुत्री भरपूर, सगळी पाण्यात धुमाकूळ घालणारी. ती बंदीची पाटी होती तिथेच, पण आज तिला काही अर्थ नव्हता. मी तोबीचा पट्टा सोडला. म्हटलं, जा रे, पळ, तुझं पाणी आहे आता.

तो पळाला नाही. चार पावलं गेला, वळला आणि पायऱ्यांकडे तोंड करून बसला. कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

मी बॉल टाकला. हाका मारल्या. मी स्वतः बूट काढून पाण्यात उभी राहिले, पाणी इतकं गार की पाय बधिर झाले, आणि म्हटलं, आता बोल, आता बोलायचंय तुला, याचसाठी एवढं केलंस. तोंड उघडलं. समोर नुसतं पाणी. काय बोलणार? कुणाशी? माफी मागायला समोर माणूस लागतं हो, आई. एवढी साधी गोष्ट मला सहा महिन्यांत कळली नाही. तुम्ही समोर होतात. रोज, चहा घेऊन, समोर होतात.

मागे वळून पाहिलं तर तो तसाच, समुद्राला पाठ करून. गाडीतून मी उतरले, तो उतरला, अजून कुणीतरी उतरायचं राहिलंय, हळूहळू कठडा धरून येतंय, एवढंच त्याच्या हिशोबी. मी जाऊन पट्टा ओढला. हलेना. एक इंग्रज बाई चालली होती, सत्तरीची असेल, हातात छोटं पांढरं कुत्रं. थांबली. त्याला बघून म्हणाली, "ओह, ही इज वेटिंग फॉर समवन, इझन्ट ही?"

मी म्हटलं, "येस. माय मम."

'मदर-इन-लॉ' म्हणाले नाही. तोंडातून तेच आलं.

बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग वाकून तोबीच्या डोक्यावर हात फिरवला. "ब्लेस हिम. शी वोन्ट बी लाँग, लव्ह." येतीलच हं त्या, असं म्हणाली ती मला. किती मायेनं म्हणाली.

मी "येस" म्हटलं, आई. आणि त्याच्या शेजारी वाळूत बसले, पायऱ्यांकडे तोंड करून.

माझं चुकलं हो. या ना.